दर तासाला अर्धा लिटर

दिवाळी अंकाचं मुखपृष्ठ छापताना कागदाचा एकच ताव चार रंगांखालून जातो. निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा. चारही रंगांचे बारीक ठिपके आपापल्या जागी बसले, तरच चित्रातला चेहरा रेखीव उमटतो. कागद मात्र स्वस्थ बसत नाही. दमट हवेत तो पाणी शोषून फुगतो आणि कोरड्या हवेत तेच पाणी सोडून आकसतो. दोन रंगांच्या छपाईयंत्रावर आज दोन रंग छापले, ताव रात्रभर रचून ठेवले, आणि उरलेले दोन रंग चढायच्या आत पावसाची मोठी सर येऊन गेली, की रंगावर रंग बसत नाही. ओठांचा लाल ओठांबाहेर दिसू लागतो. अंकाची छपाई नेमकी भाद्रपद-आश्विनात येते, आणि त्या दिवसांत सकाळची हवा संध्याकाळी राहत नाही. म्हणून जाणता मुद्रक कागद आदल्या दिवशीच छपाईच्या खोलीत आणून ठेवतो. कागदाला तिथल्या हवेची सवय होऊ देतो.

1902 च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या सॅकेट-विल्हेल्म्स या छापखान्यापुढे हीच अडचण होती. तिथे ‘जज’ नावाचं रंगीत साप्ताहिक छापलं जाई. बफेलो फोर्ज या कंपनीत नुकताच लागलेला विलिस कॅरियर नावाचा पंचविशीतला इंजिनिअर या कामाला लागला. त्याच्या आराखड्यावर 17 जुलै 1902 ही तारीख आहे. उद्दिष्ट एकच होतं. छापखान्यातली सापेक्ष आर्द्रता बारा महिने 55 टक्क्यांवर ठेवायची. थंड पाणी खेळवलेल्या नळ्यांवरून हवा फिरवली की तिच्यातलं पाणी नळ्यांवर जमतं आणि ठिबकून जातं. हवा त्यात गार होत होती हे खरं, पण छापखान्याच्या मालकाने पैसे मोजले होते ते कोरडेपणासाठी. आज जिला आपण ‘एसी’ म्हणतो, त्या यंत्रणेचा जन्म असा हवेतल्या पाण्याच्या हिशेबातून झाला.

गारवा पुढे आला तो नंतर, चित्रपटगृहांमुळे. अमेरिकेत 1920 नंतर उन्हाळ्यात ओस पडणारी थिएटरं या यंत्रामुळे भरू लागली. मुंबईत कुलाब्याचं रीगल 1933 मध्ये सुरू झालं, तेही वातानुकूलित. बाहेर घाम, आत गारठा, हेच लोकांच्या मनात बसलं. बटणावर तापमानाचा आकडा आला. आर्द्रतेचा आकडा आला नाही, आणि बहुतेक इमारतींत तो अजूनही आलेला नाही.

मुंबईला मात्र हवेतल्या पाण्याची मोजणी नवी नाही. कावसजी नानाभॉय दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला कापडगिरणीची कंपनी उभी केली. पुढच्या अर्धशतकात परळ, लालबाग, वरळीकडे गिरण्यांची दाटी झाली. कापसाचा तंतू पाणी धरून ठेवतो. प्रमाण मानलेल्या हवेत त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी त्यात असतं. ओल असेल तर तो बळकट आणि लवचीक राहतो. हवा कोरडी पडली की तो ठिसूळ होतो, घर्षणाने त्यावर वीज साठते, तंतू एकमेकांना ढकलू लागतात आणि तार तुटते. कताईच्या त्रासन खात्यात एका कामगाराच्या हाताखाली शेकडो चात्या असायच्या. तिथे तारा तुटायला लागल्या की उत्पादन बसलंच. विणाईच्या साच्यांवर खळ लावलेला ताणा चढतो. तोही कोरड्या हवेत कडक होऊन तुटतो, म्हणून साचे खात्यात ओलावा आणखी वाढवावा लागे. कताईत पन्नास-साठ टक्के आर्द्रता चालते, विणाईत पंचाहत्तर ते पंच्याऐंशी लागते. समुद्रकाठची हवा गिरण्यांना मानवली असं आपण शाळेत शिकतो आणि ते खरंच आहे. पण यंत्रांच्या उष्णतेने खात्यातली हवा तापते, आणि हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घसरते. म्हणून समुद्र शेजारी असूनही आत पाणी फवारावं लागे.

मालाला मानवणारी ती हवा माणसाला मानवत नव्हती. पंच्याऐंशी टक्के ओलावा, यंत्रांची धग, हवेत तरंगणारी कापसाची पिंज, आणि त्यात पाळीभर उभं राहायचं. घाम येतो पण वाळत नाही. घाम वाळला नाही तर शरीराची उष्णता बाहेर जायला वाट उरत नाही. इंग्लंडमध्ये लँकेशायरच्या विणकरांनी विणाईखात्यात सोडल्या जाणाऱ्या वाफेविरुद्ध झगडा केला. त्यातून 1889 चा कायदा आला आणि खात्यात किती तापमानाला किती ओलावा चालेल याचं कोष्टक ठरलं. आपल्याकडे 1948 च्या कारखाने अधिनियमात कृत्रिम आर्द्रतेसाठी स्वतंत्र पंधरावं कलम होतं. हवेत फवारायचं पाणी सार्वजनिक पुरवठ्याचं किंवा पिण्यायोग्य हवं, नाहीतर ते नीट शुद्ध केलेलं हवं, असं ते सांगत असे. याखालच्या नियमांनी खात्यात ओल्या-कोरड्या फुग्याचे तापमापक टांगायला लावले आणि ठरलेल्या वेळी नोंदी ठेवायला लावल्या. म्हणजे त्या काळच्या गिरणीत, कामगाराच्या डोळ्यांसमोर, हवेतलं पाणी किती हे दाखवणारा तापमापक भिंतीवर असू शकत होता. आज त्याच जमिनीवरच्या काचेच्या इमारतीत तो दिसत नाही.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगाव विझत गेलं. फिनिक्स मिलच्या आवारात मॉल आला, कमला मिलच्या आवारात कार्यालयं आली. जिथे हवेत पाणी घालायची यंत्रं धडधडत होती तिथे आता हवेतलं पाणी काढायची यंत्रं छतावर बसली आहेत. फरक एवढाच की गिरणीतलं पाणी कुणीतरी मोजत होतं.

असं का व्हावं, याचं माझ्यापुरतं उत्तर मला औषधांच्या कारखान्यांत सापडतं. पाण्यात टाकल्यावर फसफसणाऱ्या गोळ्या बनवायच्या तर खोलीतली आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर ठेवावी लागते. बाहेर कोकणातला आषाढ कोसळत असला तरी. जिलेटिनच्या कॅप्सूल जास्त ओलीत चिकटतात आणि कमी ओलीत तडकतात. हे सगळं आपल्याच महाराष्ट्रात आणि गोव्यात रोज, बिनचूक होतं. ज्ञान आहे, यंत्रं आहेत, तंत्रज्ञ आहेत. जिथे ओलीने माल बिघडतो आणि त्या मालाची किंमत कुणाला तरी भरावी लागते, तिथे आर्द्रता मोजली जाते. शाळा, ग्रंथालय, सरकारी कचेरी, रुग्णालयाचा प्रतीक्षाकक्ष, दफ्तरखाना, इथे बिघडतात माणसांची फुप्फुसं आणि समाजाचे कागद. त्यांचं बिल कुणाच्याच नावावर फाटत नाही.

आता थोडं गणित, कारण आकडा डोळ्यांपुढे आल्याशिवाय या प्रश्नाचं वजन कळत नाही. 30 अंश तापमानाला एक घनमीटर हवा जास्तीत जास्त साधारण 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात बाळगू शकते. 24 अंशांना 22 ग्रॅम, 10 अंशांना साडेनऊच्या आतबाहेर. पावसाळ्यातल्या मुंबईत 30 अंश आणि 80 टक्के आर्द्रता ही अगदी रोजची दुपार. त्या हवेच्या प्रत्येक घनमीटरात 24 ग्रॅम पाणी असतं. कार्यालयात आपल्याला 24 अंश आणि 55 टक्के हवी असेल तर तिच्यात 12 ग्रॅमच पाणी चालेल. म्हणजे आत घेतलेल्या प्रत्येक घनमीटरातून 12 ग्रॅम पाणी पिळून काढावं लागेल. माणसाला कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून सेकंदाला दहा लिटर ताजी हवा द्यायची ठरवली, तर तासाला 36 घनमीटर हवा आणि त्यातून 430 ग्रॅम पाणी. शिवाय बसून काम करणारा माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला 50-60 ग्रॅम पाणी हवेत सोडतो ते वेगळं. माणशी, दर तासाला, अर्धा लिटर. हजार माणसांच्या कार्यालयात नऊ तासांत साडेचार हजार लिटर. पाण्याच्या टँकरात भरावं इतकं पाणी रोज त्या इमारतीच्या हवेतून निघायला हवं.

आणि वाफेचं पाणी करणं स्वस्त नाही. पाणी उकळताना जी उष्णता आत जाते ती वाफेचं पुन्हा पाणी होताना बाहेर पडते, आणि ती यंत्राला उचलून बाहेर टाकावी लागते. या हजार माणसांच्या हिशेबात नुसतं पाणी काढायला जवळपास शंभर टनांची शीतक्षमता लागते. एक अंशही गारवा न वाढवता.

इथेच साध्या एसीची गफलत होते. एसीला तापमान कळतं, ओल कळत नाही. मे महिन्यात ऊन तापलेलं असतं, यंत्र सतत चालतं, नळ्या गार राहतात आणि गारव्याबरोबर पाणीही निघतं. जुलैत आकाश भरलेलं, भिंती तापत नाहीत, बाहेर 27-28 अंशच. खोली 24 अंशांवर आणायला यंत्राला फार वेळ लागत नाही. आकडा गाठला की कॉम्प्रेसर थांबतो. पंखा मात्र फिरत राहतो आणि नळ्यांवर जमलेलं, अजून ठिबकून न गेलेलं पाणी पुन्हा खोलीत उडतं. यंत्र गरजेपेक्षा मोठं घेतलेलं असेल तर ही थांब-चाल आणखी वाढते. मोठं यंत्र म्हणजे जास्त चांगलं, ही समजूत दमट शहरात सरळ चुकीची आहे. खोली गार आणि ओलसर राहते. माणसांना चिकट वाटतं, कुणीतरी उठून आकडा 20 वर नेतं, खोली आणखी गार होते, भिंती आणि काचा दवबिंदूच्या, म्हणजे हवेतलं पाणी जमू लागतं त्या तापमानाच्या, खाली जातात. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून पाझर फुटावा तसं इमारतीला होतं. काचेला बाहेरून धुकं चढतं, फॉल्स सीलिंगच्या चौकटीवर पिवळे डाग उमटतात, डक्टच्या तोंडाशी काळी बुरशी धरते.

2020 च्या सुरुवातीपासून आपल्या देशातल्या तारांकित खोली-एसींवर सुरुवातीचा आकडा 24 अंश असावा असा नियम झाला. मला तो योग्य वाटतो. पण 24 अंश सुखाचे वाटायचे तर हवा कोरडी हवी. 24 अंश आणि 50 टक्क्यांत माणूस निवांत काम करतो. 24 अंश आणि 75 टक्क्यांत तोच माणूस रिमोट शोधतो. ओल न काढता फक्त आकडा वाढवा असं लोकांना सांगत राहिलो तर वीज वाचणार नाही. लोक आकडा खालीच नेतील, आणि त्यांचा त्यात दोष नाही.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती कागदांची. बुरशीचे बीजकण सगळीकडे असतात. सापेक्ष आर्द्रता 65 टक्क्यांच्या खाली असेल तर ते झोपून राहतात, सत्तर-पंचाहत्तरच्या वर दिवसेंदिवस राहिली तर उठतात आणि खळ, सरस, कातडी बांधणी, कागदाचा तंतू यांवर जगतात. मुंबईत एशियाटिक सोसायटीचं ग्रंथालय 1833 मध्ये पूर्ण झालेल्या टाउन हॉलमध्ये आहे. पणजीचं मध्यवर्ती ग्रंथालय 1832 मध्ये सुरू झालेलं. दोन्ही समुद्राच्या तोंडाशी. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमाल आहेत, भांडारकर संस्थेत हस्तलिखितं आहेत. पुणं मुंबईहून कोरडं, पण आषाढ-श्रावणात तिथली हवाही सादळतेच.

जुन्या लोकांकडे यंत्र नव्हतं, पण रीत होती. कागद कापडात घट्ट बांधायचे आणि लाकडी पेटीत ठेवायचे. कापड आणि लाकूड स्वतः ओल पितात आणि सावकाश सोडतात. बाहेरची हवा दिवसात वीस टक्के हलली तरी रुमालाच्या आत ती हालचाल फार मंद पोचते. वेखंडाचे तुकडे किडीसाठी. पावसाळा संपला की पोथ्या बाहेर काढून झटकायच्या आणि वारा द्यायचा. जैन ज्ञानभांडारांत कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीला, ग्रंथांची पूजा होते आणि त्या निमित्ताने चार महिन्यांची ओल खाल्लेल्या पोथ्या तपासल्या जातात. दिवाळीनंतर पाचव्या दिवशी, हवा कोरडी व्हायला लागते त्या सुमाराला. हवामान ओळखणाऱ्या माणसांनी ठरवलेली तिथी आहे ही.

संग्रहालयांनी पुढे एक आकडा पाळला, 50 टक्के, पाच इकडे पाच तिकडे. त्याच्या मागे दुसऱ्या महायुद्धातली एक हकीकत आहे. लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं बॉम्बपासून वाचवायला 1941 मध्ये वेल्समधल्या मॅनॉड इथल्या स्लेटच्या खाणीत नेली. खाण गार आणि दमट. आत विटांच्या खोल्या बांधून त्यांतली हवा 63 अंश फॅरनहाइट आणि 42 टक्के आर्द्रतेवर स्थिर ठेवली. लाकडी फळ्यांवरच्या चित्रांचा रंग सुटण्याचं प्रमाण तिथे एकदम कमी झालं. चित्रं लंडनला परतल्यावर ते पुन्हा वाढलं. या अनुभवातून गॅलरीने वातानुकूलन आणलं. गॅरी थॉमसन यांच्या 1978 च्या पुस्तकाने हे आकडे जगभरच्या संग्रहालयांत नेले.

त्या खाणीचा खरा धडा मला 42 या आकड्यात दिसत नाही, तो स्थिरतेत दिसतो. अलीकडे जगातल्या मोठ्या संग्रहालयांनीही पट्टा सैल केला आहे. बऱ्याचशा वस्तूंना 40 ते 60 टक्के चालतं, दिवसाची हालचाल मात्र मर्यादेत हवी. आपल्याकडच्या वस्तूंना तर शंभर-दीडशे वर्षं 70 टक्क्यांची सवय झालेली असते. लाकूड त्या हवेत जेवढं हलायचं तेवढं हलून बसलेलं असतं. त्याला अचानक 45 टक्क्यांच्या खोलीत नेलं तर तडे जाऊ शकतात. आणि सगळ्यात वाईट पद्धत तीच जी सार्वजनिक इमारतींत सर्रास दिसते. सकाळी दहाला प्रेक्षकांसाठी एसी लावायचा, संध्याकाळी सहाला बिल वाचवायला बंद करायचा. दिवसा 50, रात्री 80. रोज फुगणं, रोज आकसणं. असा एसी लावण्यापेक्षा जाड चुनेगच्ची भिंत, लाकडी बंद कपाट आणि सावकाश फिरणारा पंखा वस्तूंना जास्त सुखाचा. ज्या दालनात चोवीस तास यंत्र चालवायचे पैसे नाहीत, तिथे ते बसवूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

चुनेगच्ची म्हटलं म्हणून सांगतो, भिंतीही श्वास घेतात. जांभ्याची भिंत पाणी ओढते. चुन्याचा गिलावा ते पाणी बाहेर उडू देतो. अशा भिंतीवर दुरुस्ती म्हणून सिमेंट थापलं आणि वर प्लॅस्टिक पेंट मारला की पाणी आत अडकतं आणि खोलीच्या बाजूने फुटतं. सार्वजनिक इमारतीच्या ओलीचा निम्मा इलाज यंत्रात नसतोच, तो गच्चीवर, पन्हाळीत, पायाजवळच्या गटारात आणि योग्य गिलाव्यात असतो. तो स्वस्तही असतो. गळकं छप्पर ठेवून खाली आर्द्रता काढायचं यंत्र लावणं म्हणजे रोज वीज जाळून पाऊस उपसणं.

चित्रफितींचं दुखणं आणखी घाईचं. पुण्यात 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. अॅसिटेटची फीत उष्ण आणि दमट हवेत विघटन पावते, त्यातून अॅसेटिक आम्ल निघतं, आणि ते आम्लच पुढचं विघटन वेगाने घडवतं. डबा उघडला की व्हिनेगरचा भपकारा येतो. 21 अंश आणि 50 टक्के आर्द्रतेत नवी फीत साधारण चाळीस वर्षांत या टप्प्याला येते, म्हणजे बऱ्यापैकी खोलीतसुद्धा. साध्या गोदामात किती चित्रपट असे विरघळले असतील या विचाराने जीव तुटतो.

रुग्णालयांबद्दल थोडक्यात. शस्त्रक्रियागृहात आर्द्रता 60 टक्क्यांच्या वर जाऊ नये असा आपल्याकडचा मानदंड आहे. अंगावर झगे, डोक्यावर दिवे, म्हणून शल्यविशारद 18 अंश मागतात. 18 अंश आणि 55 टक्क्यांचा दवबिंदू जवळपास नऊ अंश येतो. तिथवर हवा न्यायला नेहमीचं सात अंशांचं थंड पाणी जेमतेम पुरतं, कधी पुरतच नाही. मग हवा गार होते, कोरडी होत नाही. त्यात रात्री शस्त्रक्रिया नाहीत म्हणून यंत्र पूर्ण बंद ठेवलं तर पहाटेपर्यंत बाहेरची ओल आत शिरते, आणि गार फरशी, गार भिंती तिला जमायला तयारच असतात. रात्री यंत्र पूर्ण बंद करू नये, मंद गतीने का होईना चालू ठेवावं. याला नवी खरेदी लागत नाही, एक लेखी सूचना लागते.

मोठ्या इमारतींसाठी उपाय माहितीतले आहेत. बाहेरून येणारी ताजी हवा वेगळ्या यंत्रातून घ्यायची, तिथेच तिच्यातलं पाणी काढायचं आणि कोरडी हवा आत सोडायची. मग खोलीतल्या यंत्राला फक्त गारव्याचं काम उरतं. सिलिका जेलचं चाक ही दुसरी वाट. चाक सावकाश फिरतं, एका बाजूला हवेतलं पाणी शोषतं आणि दुसऱ्या बाजूला गरम हवेने वाळतं. बाहेर टाकायच्या थंड, कोरड्या हवेकडून आत येणाऱ्या हवेला आधीच थोडी वाळवून घेता येते. दारांना दुहेरी दालन ठेवायचं. नळ्यांवरून ठिबकलेलं पाणी गटारात न सोडता कूलिंग टॉवरला द्यायचं. हे जवळपास क्षारमुक्त पाणी असतं, आणि हजार माणसांच्या इमारतीत ते रोज हजारो लिटर मिळतं. लहान ग्रंथालयाला यातलं काही परवडणार नाही. त्याने कपाटं बाहेरच्या भिंतीपासून वीतभर पुढे ओढावीत, खालचा कप्पा रिकामा ठेवावा, पावसाळ्यात खिडक्या उघडून ‘हवा खेळवणं’ थांबवावं, कारण त्या दिवसांत बाहेरची हवाच ओली असते. आणि काही शे रुपयांचा आर्द्रतामापक भिंतीला लावून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा. वहीत सलग 70 च्या वरचे आकडे दिसले की व्यवस्थापन समितीपुढे ठेवायला पुरावा तयार होतो.

सार्वजनिक इमारतींच्या निविदांमध्ये एक बदल मात्र लगेच व्हायला हवा. वातानुकूलनाचं काम बहुधा आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चअखेर ताब्यात घेतलं जातं. मार्चमध्ये चाचणी होते, तापमान बरोबर येतं, सह्या होतात, बिल निघतं. ओलीचा प्रश्न जूनमध्ये सुरू होतो. निविदेत तापमानाबरोबर दवबिंदूचा आकडा लिहावा आणि शेवटचा हप्ता जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात, भर पावसात, माणसांनी भरलेल्या इमारतीत चाचणी झाल्यावरच द्यावा.